वायनरीचं नाक

मालकांनी पाहुण्यांसमोर मला पहिल्यांदा ‘आमच्या वायनरीचं नाक’ म्हटलं, तेव्हा मला ते आवडलं होतं. मी तेव्हा पंचविशीच्या आत होते. तेरपासून एस.टी.नं थोडं पुढं आमचं गाव. धाराशिवच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, नाशिकला जाऊन वाइन तयार करायचा कोर्स केला आणि परत आले ती थेट गावाजवळच्या टेकडीवरच्या वायनरीत कामाला लागले. पोरगी दारू गाळायला शिकून आली, असं गावातल्या बायका आईला म्हणायच्या. आई घरी येऊन ते मला जसंच्या तसं सांगायची आणि वर पदरचंही थोडं घालायची.

नाक मात्र माझं लहानपणापासून तिखट. दूध नासायच्या आधी मला कळायचं. कणगीतल्या ज्वारीला कुठं ओल लागलीय, ते मी बाहेरून वास घेऊन सांगायचे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचं फार कौतुक. कुणी लोणी विकायला आणलं की ते मला हाक मारायचे आणि त्या माणसादेखत डबा माझ्या नाकाखाली धरायचे. मी ‘शिळं आहे’ म्हटलं की अण्णा लोणीवाल्याकडं बघून हसायचे. त्या हसण्यात माझं कौतुक किती आणि समोरच्याची फजिती केल्याची मजा किती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मालक आधी रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे. एकदा ते युरोपात फिरायला गेले. तिकडं भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरांत द्राक्षांचे मळे, दगडी घरं, झाडाखाली टेबल मांडून निवांत वाइन पीत बसलेली माणसं त्यांनी पाहिली आणि परत येऊन बालाघाटाचा एक उतार विकत घेतला. लाल कौलांची बुटकी इमारत बांधली. वाटेच्या दोन्ही बाजूंना सुरूची उंच, निमुळती झाडं लावली. त्यातली निम्मी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली. टेकडीवरून शेळ्यांची जुनी वाट जायची, ती तारेचं कुंपण घालून बंद केली. नंतर पाहुण्यांना फोटोत शेळ्या हव्या असतात हे लक्षात आलं, तेव्हा त्याच शेळीवाल्याला पगारावर ठेवून शनिवार-रविवारी त्याच वाटेनं शेळ्या फिरवायला लावल्या. त्यानं डोक्याला पटका बांधलाच पाहिजे, असा दंडक होता. त्याच्या घरात त्याच्या आज्यानंही कधी पटका बांधला नव्हता.

पाहुणे पुण्याहून, सोलापुराहून, हैदराबादेहून यायचे. मालक त्यांना सांगायचे, दोन हजार वर्षांपूर्वी रोमची जहाजं वाइनचे रांजण घेऊन यायची आणि ते रांजण बैलांवर लादून पार तेरपर्यंत आणले जायचे. म्हणजे वाइन आपल्याकडं नवी नाही, मधे फक्त विसरली होती. मग ते माझ्याकडं हात करायचे. मी पांढरा कोट घालून उभी असायचे. पेला फिरवायचा, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि जे सापडेल ते सांगायचं. जांभूळ. लवंग. ओलं लाकूड. नवी कातडी चप्पल. माझ्यामागून पाहुणे पेल्यात नाक घालायचे आणि ‘हो हो, चप्पल!’ म्हणून लहान मुलांसारखे ओरडायचे. फाटकावर माझा पेला धरलेला मोठा फोटो होता. अण्णांनी रानात वाइनची काळी द्राक्षं लावली होती ती याच वायनरीसाठी. भावाची गाडी पाहुण्यांना आणायला-सोडायला लागली होती. टेकडीनं आमचं घर असं चहूबाजूंनी धरलं होतं.

दिवाळीनंतर मला ताप आला. अंगदुखी, खोकला, घसा. आला तसा गेला. बरी होऊन पहिल्यांदा स्वयंपाकघरात बसले तेव्हा आई आमटीला फोडणी देत होती. मोहरी तडतडताना मला दिसली, ऐकू आली.

“आई, हिंग घातला नाहीस का?” मी विचारलं.

“डोळ्यादेखत घातला की,” आई म्हणाली.

मी उठून हिंगाची डबी उघडली आणि नाकाशी धरली. आत काही नव्हतं. म्हणजे हिंग होता, पिवळा, डबीच्या कडेला चिकटलेला. पण वास नव्हता. मी लसूण चेचून हुंगला. रॉकेलचा डबा उघडला. न्हाणीतलं फिनेल उघडलं. डोळ्यांना झोंबलं, नाकाला काही कळलं नाही. आई मागं उभी राहून बघत होती. तिनं माझ्या हातातून फिनेलची बाटली काढून घेतली आणि म्हणाली, “बरं झालं एका अर्थी. दारूचा वास तरी घ्यावा लागणार न्हाय.”

सोलापूरच्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून बघितलं. येईल, म्हणाले. कधी येईल, ते सांगता येत नाही. काहींना येतही नाही.

कामावर गेले त्या दिवशीच मी मालकांच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं. “सर, मला वास येत नाही.”

“कशाचा?”

“कशाचाच.”

त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग काडेपेटीतली काडी ओढली, विझवली आणि धुराची ती काडी माझ्या नाकाखाली धरली. “येतोय?”

“नाही.”

त्यांनी ड्रॉवरमधून अत्तराची कुपी काढली. “हे?”

“नाही.”

मग खाली वाकून त्यांनी पायातला बूट काढला आणि तो धरला. मी मान फिरवली. वास आला म्हणून नव्हे. त्यांना मात्र हसू फुटलं. नवं खेळणं सापडल्यावर माणूस हसतो, तसं.

“सर, मला टाक्यांकडं काम द्या,” मी म्हणाले. “आंबवणं बघते, प्रयोगशाळा बघते. पाहुण्यांसमोर नको.”

“का? पाहुण्यांना काय कळतंय? तू म्हणशील तो वास त्यांना येतो. तू पेट्रोल म्हण, त्यांना पेट्रोल येईल.” ते बूट घालत म्हणाले. “फाटकावर तुझा फोटो आहे. तो काय मी उतरवू? गप काम कर. कुणाला सांगायचं नाही.”

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं की मला हे जमणार नाही. अण्णा बागेतून आलेले, हातपाय धूत होते. “तोंडानंच बोलायचंय न्हवं?” ते म्हणाले. “तोंड हाय की तुला.”

मग मी तोंडानं काम करू लागले. रंग बघायचा, जिभेवर आंबट-तुरट तपासायचं, टाकीत काय घातलंय ते माहीत असायचं, त्यावरून बोलायचं. जांभूळ, लवंग, ओलं लाकूड. पाहुणे पूर्वीसारखेच माना डोलवायचे. मालकांचं म्हणणं खरं होतं आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. माझं नाक असताना जे चाललं होतं, ते नाक नसतानाही तसंच चाललं.

घरातही सगळ्यांनी चटकन जमवून घेतलं. मोरी तुंबली की वहिनी हाक मारायची, “ताई, तुमीच बघा बरं. तुमाला काय, वास यायचा न्हाय.” कणगीमागं उंदीर मेला, ताईला सांगा. पोराचे लंगोट, ताईला द्या. व्यालेल्या गाईची वार पुरायचीय, ताई हाय की. वहिनी काही दुष्ट नव्हती. सोय झाली होती, ती वापरत होती. एकदा दुपारी मी एकटीच जेवले. आमटी उतरलेली, आंबलेली होती, मला कळलं नाही. पुढं कितीतरी वेळ मी ओकत होते आणि वहिनी दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. “अख्खं घर म्हणत होतं वास यायलाय वास यायलाय. तुमी दोनदा वाढून घेतली!”

टेकडीवर एका रविवारी मालकांची खास मंडळी आली. जुन्या धंद्यातले दोस्त, त्यांच्या बायका. भरदुपारी दिवाणखान्यात टेबल मांडलं होतं. मालकांनी मला बोलावलं. माझ्यापुढं पेले ठेवले, भरलेले.

“आज जरा अवघड परीक्षा आहे मॅडमची,” ते म्हणाले. “तोंडाला लावायचं नाही. नुसता वास घ्यायचा आणि सांगायचं.”

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, पाहुण्यांकडं बघत होते. पहिला पेला फिकट होता. मी नाक घातलं, डोळे मिटले, मोसंबी म्हणाले, कच्चा आंबा म्हणाले. दुसरा तांबूस होता. मी स्ट्रॉबेरी म्हणाले. शेवटचा गडद लाल. काय करावं मला सुचेना. पळून जायचं तर दार टेबलाच्या पलीकडं होतं. मी पेला फिरवला, आतलं काठाला चिकटलं नाही, पाण्यासारखं खाली उतरलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, कळलंही असावं. पण सगळे वाट बघत होते. मी म्हणाले, “पिकलेलं जांभूळ आहे. मागून लवंग. आणि थोडी नव्या कातड्याची…”

हसण्याचा असा लोट उठला की बाहेरच्या शेळ्या बुजल्या. एक बाई टेबलावर डोकं टेकून हसत होती. मालकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला सांगितलं. फरशी पुसायच्या बादलीतलं पाणी होतं ते. बीट किसून रंग आणला होता.

“बघा,” ते म्हणाले, “नाक नाही, तरी चालतंय. आपल्या धंद्यात तोंड पाहिजे.”

एक तरुण बाई हसत नव्हती. मला वाटलं, हिला वाईट वाटत असेल. मग दिसलं की ती मोबाइल धरून होती आणि हात हलू नये म्हणून हसू दाबत होती.

त्यानंतर खास मंडळी आली की हा खेळ व्हायचाच. दर वेळी पेल्यात काहीतरी वेगळं. राखेचं पाणी, शेळ्यांच्या हौदातलं पाणी, एकदा तर नुसतं पाणी. नुसतं पाणी बघून मी ‘हे पाणी आहे’ म्हणाले, तर मालक नाराज झाले. “गंमत घालवतेस तू,” म्हणाले. नोकरी का सोडली नाहीस, असं पुढं मला पुष्कळांनी विचारलं. सोडायची म्हटलं की अण्णा विचारायचे, “मग माल कुठं घालायचा? तुझ्या डोक्यावर?” वाइनची द्राक्षं बाजारात कुणी खात नाही. बिया मोठ्या, साल जाड. ती एक तर टेकडीवर जातात, नाहीतर कुठंच जात नाहीत.

उन्हं तापायला लागली तशी काढणी सुरू झाली. सकाळी सकाळी आसपासच्या गावांतल्या गाड्या टेकडीच्या वाटेवर रांग लावायच्या. क्रेट उतरवायच्या ओट्यावर मी उभी असायचे. आदल्या हंगामांत मी प्रत्येक गाडीतला घड हुंगून सांगायचे, हा आंबलाय, हा चांगला, याला बुरशीची सुरुवात आहे. शेतकरी माझं ऐकायचे. आपल्यातलीच पोर, खोटं बोलणार नाही, असं म्हणायचे. या हंगामात मी घड फोडून बघत होते, मणी चाखत होते, यंत्रानं गोडी मोजत होते आणि डोळ्यांना जे दिसेल तेवढंच सांगत होते.

पहिल्याच आठवड्यात मालक माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, “मी चष्मा काढला की म्हणायचं, वास येतोय. बाकी मी बघतो.”

वास आला म्हटलं की दर पाडता येतो, हे मला माहीत होतं. “मी नाही म्हणणार सर,” मी म्हणाले. “दिसतं तेवढंच सांगेन.”

“बरं,” ते म्हणाले. एवढंच. रागावले नाहीत. मी आपलं बरं वाटून घेतलं.

मग एके दिवशी अण्णांची गाडी आली. भाऊ चालवत होता, अण्णा मागं क्रेटवर बसले होते. डोक्याला टॉवेल, पायात चिखल वाळलेला. रांगेत पुष्कळ शेतकरी होते. सगळ्यांना ठाऊक की हा हिचा बाप. मालक मुद्दाम ओट्यावर आले. त्यांनी वरचा क्रेट बाजूला करायला लावला, तळातला ओढला, त्यातला एक घड उचलून नाकाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

“आंबलाय,” ते मोठ्यानं म्हणाले. “नासका वास येतोय. मॅडम, तुम्ही सांगा.” आणि त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

मी घड हातात घेतला. काही मणी फुटले होते, रस सुटला होता. ताडपत्रीखाली गरम झालं की असं होतं. तेवढ्यानं माल वाया जात नाही. कधी कधी जातोही. मी एक मणी खाल्ला. गोड. मागून बारीक आंबट. ते आंबट द्राक्षाचं स्वतःचं की आंबल्याचं, ते जिभेला कळेना. नाक असतं तर क्षणात कळलं असतं. मी आणखी एक खाल्ला. तो नुसता गोड होता.

अण्णा गाडीतून खाली उतरले, माझ्यासमोर आले. “सांग की बाय,” ते म्हणाले. “वास यायलाय का?”

मालकही म्हणाले, “हं, सांगा. येतोय का?”

दोघांना माहीत होतं की मला वास येत नाही. दोघं मला तेच विचारत होते आणि दोघांना मी वेगवेगळं खोटं बोलायला हवं होतं. अण्णांच्या डोळ्यांत थोडीही भीती नव्हती. पोरगी आपल्या बाजूनं बोलणार, यात त्यांना शंकाच नव्हती. लोणीवाल्यासमोर डबा धरायचे तसा तो घड त्यांनी माझ्या हातासकट वर उचलला आणि माझ्या नाकाशी आणला.

“मला वास येत नाही,” मी म्हणाले.

“हां!” अण्णा मालकांकडं वळले. “ऐकलं का? न्हाय येत म्हणली.”

“तसं नाही अण्णा. मला कशाचाच वास येत नाही. ताप आल्यापासून. या मालाचं मला काही सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. सरांनाही माहीत आहे.”

मग रांगेतून एक म्हातारा पुढं आला. त्याचा माल मी चार-सहा दिवसांपूर्वी परत पाठवला होता. “मंग माझा माल कशावरून खराब ठरिवलास गं?”

“मामा, भुरी पडली होती त्याच्यावर. पांढरी बुरशी. तुम्हाला दाखवली होती मी.”

“हिला नाकच न्हाय आन् ही लोकाचा माल हुंगतीय!” मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच बोलायला लागले. ज्यांचा माल मी चांगला म्हणून घेतला होता तेही. एक बाई, आमच्याच गावातली, आईच्या भिशीतली, क्रेट घेऊन पुढं आली आणि तिनं तो माझ्या अंगावर रिकामा केला. घड दगडासारखे लागत नाहीत, पण जड असतात. कोट जांभळा झाला. “नकटी!” एक जण म्हणाला आणि त्यावर हशा झाला. हसणाऱ्यांत मघाचा तो म्हाताराही होता.

मालक दोन पावलं मागं सरकले होते. “मला काय माहीत?” ते सगळ्यांना हात जोडून म्हणत होते. “मला पण हिनं फसवलं की हो. एवढा विश्वास टाकला होता पोरीवर.” मग अण्णांकडं वळून म्हणाले, “आता तुमचा माल मी कोणत्या तोंडानं घेऊ, तुम्हीच सांगा.”

शेळीवाला कुंपणाजवळ उभा होता. त्यानं एकट्यानं मला पाणी आणून दिलं. मालकांनी बघितलं तसा तो तांब्या खाली ठेवून निघून गेला.

आम्ही परत निघालो. पुढच्या सीटवर भाऊ आणि अण्णा, दोघांच्या मधे मी. वेशीजवळ अण्णा समोर बघत म्हणाले, “चांगलाय म्हणली असतीस तर जीभ झडली असती का?”

“चांगला होता का अण्णा?” मी विचारलं.

त्यांनी डोक्यावरचा टॉवेल पुढं ओढला. तो माल चांगला होता की नासका, ते मला अजूनही माहीत नाही.

परत आणलेल्या द्राक्षांतली काही घरच्या शेळ्यांना घातली. त्यातली एक गाभण शेळी पोट फुगून मेली. बाकीची द्राक्षं घरामागच्या ओढ्यात टाकली. ऊन कडक होतं. पुढं कितीतरी दिवस घरातली माणसं तोंडाला फडकं बांधून वावरत होती, मागचं दार लावून घेत होती, शेजारचे येऊन भांडत होते. नोकरी गेलीच होती. मी मागच्या पायरीवर बसून निवांत भाकरी खायचे. दुसरीकडं कुणी मला जवळ बसवत नव्हतं. “ताई लई नशीबवान,” वहिनी म्हणायची. “आमी मरायलोत आन् ही बसलीय जेवत.” अण्णा माझ्याशी बोलायचे बंद झाले ते झालेच. ताट त्यांच्यासमोर मी ठेवलं तर ते उठून जायचे. मग आई म्हणाली, “तू नको वाढू.”

पावसाळा सरताना माझं नाक परत येऊ लागलं. पण ते माझं नाक नव्हतं. पहिला वास आला तो कांदा परततानाचा. टायर जाळल्यासारखा. मग कोथिंबिरीचा, सडलेल्या पाण्यासारखा. चहा, साबण, मोगरा, भाजलेले शेंगदाणे, सगळ्यांतून तेच जळकं आणि कुजकं यायचं. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. नसा वाढतायत, पण चुकीच्या जागी जुळतायत. काहींचं सुधारतं.

छाटणीच्या आधी टेकडीवरून निरोप आला. मालक अण्णांचा माल पुन्हा घ्यायला तयार होते. अट एकच होती. हंगामाच्या पूजेला सगळे बागायतदार जमतात, तिथं अण्णांनी झाल्या प्रकाराचा खुलासा करायचा आणि पोरीला सोबत आणायचं.

सकाळी अण्णा कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलले. “चल. तुला काय बोलायचं न्हाय. नुसतं बसायचं.”

मला वाटलं, ते माझ्या वतीनं माफी मागतील. माफीला माझी हरकत नव्हती. मंडपात सतरंजी अंथरली होती. मला पुढं बसवलं. पूजा झाली, नारळ फुटला आणि अण्णा उभे राहिले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही. ते टॉवेल दोन्ही हातांत पिळत होते.

“तापात पोरीचं डोकं फिरलं होतं,” ते म्हणाले. “काय बी बोलायची. नाकाचं, वासाचं. तसलं काय नव्हतं. मालकाला बी काय ठाव नव्हतं आन् मला बी नव्हतं. अजून औषध चालू हाय. तुमी लोकांनी मनावर घिऊ नका.”

लोक माना हलवत होते. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सगळ्यांना बरं वाटत होतं. वेड्या पोरीनं माल परत पाठवला म्हणजे मालात काही खोट नव्हती. क्रेट रिकामा करणारी बाई माझ्याकडं बघून कळवळ्यानं च् च् करत होती. मी तोंड उघडलं. अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि मी काही बोलणार तेवढ्यात पोह्यांची परात आत आली. गरम, वरून परतलेला कांदा. तो जळका, कुजका वास सरळ डोक्यात गेला. मी उठून धावायला गेले, पण सतरंजीवरच, पूजेच्या पाटाजवळ, मला ओकारी झाली.

“बघा,” मागून एक बाई दुसरीला म्हणाली. “अजून बरी न्हाय बिचारी.”

मालकांनी स्वतःच्या हातानं मला नारळ दिला आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. अण्णांचा माल त्या हंगामात टेकडीवर गेला. त्यानंतरच्याही.

मी कर्नाटकच्या सीमेजवळ, मुरुमला आले. इथं एका डाळ मिलमध्ये मी माल तपासते. ओल मोजायची, दाणा बघायचा, नाकाचं काम नाही. ज्यांच्या घरात खोली घेतलीय त्या म्हाताऱ्या बाई माझ्याशी निम्मं कानडीत बोलतात आणि माझ्या नाकाबद्दल त्यांना काही माहीत नाही. कांदा न घालता स्वयंपाक करते म्हणून मी माळकरी आहे असं त्या समजतात. दहीभात, काकडी, थंड भाकरी मला खाता येते. मोगरा आता निम्मा मोगऱ्यासारखा येतो.

अण्णा एकदाच आले. उमरग्याला कुणाचं तरी लग्न होतं, तिथून सरळ आले, न कळवता. खोलीत एकच खुर्ची, तीवर बसले. डोळे बारीक करून सगळीकडं बघितलं. मी चहा ठेवला, नाकाला ओढणी लावून. ते बघत होते.

“आता यायलाय का वास?” त्यांनी विचारलं.

“यायलाय.”

“कसा?”

“वंगाळ. सगळ्याचा वंगाळ यायलाय.”

त्यांनी कपातलं थोडं बशीत ओतलं, प्याले नाहीत. बाहेर मिलचा भोंगा झाला. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, “माझा?”

अण्णांच्या अंगाला लहानपणी गवताचा, तंबाखूचा, उन्हाचा वास असायचा. मी त्यांच्याजवळच उभी होते, हात लांब केला असता तर लागला असता इतकी.

“तुमचा बी,” मी म्हणाले.

त्यांनी बशी तोंडाला लावली. मग चहा संपवला, कप-बशी उचलून मोरीत नेली, स्वतः विसळली, पालथी घातली. चपला घालताना म्हणाले, तुळजापूरची एस.टी. आत्ताच गाठावी लागेल. मी दारापर्यंत गेले. त्यांनी वळून बघितलं नाही, आणि मीही हाक मारली नाही.